लवंगी, नागगोळी आणि पहाटेचा पहिला बार

महाराष्ट्रातल्या दिवाळीत फटाक्यांचा खरा मालक बारा ते सोळा वर्षांचा मुलगा असतो. त्याहून लहानांच्या हाती फुलबाजी आणि टिकल्यांचे पिस्तूल येते. त्याहून मोठ्यांच्या हाती पैशांचे पाकीट. मधल्या वयाला सुतळी बॉम्बची वात पेटवायची परवानगी नुकतीच मिळालेली असते, किंवा मिळाली असे त्याने स्वतःच ठरवलेले असते. याच वयातल्या आठवणी पुढे जन्मभर सांगितल्या जातात आणि अलीकडे दर दिवाळीला घरोघर त्यांच्यावरून वादही होतात. त्या वादातल्या दोन बाजू इथे एका मामा-भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. मामा साताऱ्यातल्या एका वाड्यात वाढलेले, १९७०च्या दशकातले शाळकरी. भाची पुण्यात छातीच्या विकारांची डॉक्टर.

वाद सुरू होतो तो परिमाणावरून. आजच्या एका सोसायटीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तासाभरात जेवढी दारू जळते, तेवढी जुन्या पेठेतल्या चार-पाच घरांची मिळून चार दिवसांत जळत नसे, असे मामांचे म्हणणे.

“अगं, आमच्याकडे फटाके असायचेच किती? चौघांनी वर्गणी काढायची. त्यात लवंगीच्या दोन-तीन माळा, एक लक्ष्मी तोट्यांचं पाकीट, भुईनळे मोजून सहा. सुतळी बॉम्ब म्हणजे चैन. माळ अख्खी लावणाऱ्याला आम्ही वेड्यात काढायचो. माळ सोडवायची असते.”

माळ सोडवणे हे त्या काळच्या मुलांचे दिवाळीआधीचे मुख्य काम. लवंगीच्या माळेत बारीक वाती मधल्या जाड वातीभोवती विणलेल्या असतात. वरचा पातळ लाल कागद सोलायचा, गुंडाळलेला दोरा दातांनी तोडायचा आणि एकेक लवंगी वातीसकट अलगद ओढून काढायची. ओढताना वात तुटली तर ती लवंगी वाया. निघालेल्या लवंग्या चड्डीच्या खिशात, बोटांच्या टोकांना चंदेरी करडी भुकटी आणि तोंडात गंधकाची चव. मग ऊन दाखवण्याचा कार्यक्रम. परतीच्या पावसाने सर्दावलेले फटाके सुपात पसरून गच्चीवर ठेवायचे आणि त्यांच्यावर पाळीपाळीने पहारा करायचा. निम्मा माल तुळशीच्या लग्नासाठी बाजूला काढून ठेवायचा असा नियम असे. तो बहुधा भाऊबीजेच्या संध्याकाळी मोडला जाई.

“खिशात सुटे फटाके आणि हातात पेटती उदबत्ती,” भाची म्हणते. “मामा, तू हे कौतुकानं सांगतोस. आमच्याकडे याला अपघाताचा पूर्वेतिहास म्हणतात.”

“पण झालं काय आम्हाला?”

“तुला काही झालं नाही, म्हणून तर सांगायला तू आहेस. करवंटीखाली तोटा ठेवून ती उडवायचात, त्या खेळात तुमच्यातल्या एकाच्या भुवया जळाल्या होत्या ना? आईनं सांगितलंय मला. तुझ्या गोष्टीत तो मुलगा कायम विनोदापुरता येतो. त्याचा डोळा आठवडाभर बांधलेला होता, हे गोष्टीत नसतं.”

हा आक्षेप बिनतोड आहे. फटाक्यांच्या आठवणी जवळजवळ नेहमी वाचलेल्यांच्या असतात. शिवाय त्या मुलांच्या असतात. वाड्यातल्या मुलींच्या वाट्याला फुलबाज्या, रांगोळी आणि फराळाची ताटे घरोघर पोचवण्याचे काम येई. भाचीची आई त्याच वाड्यात वाढली, पण तिच्याकडे बॉम्बची एकही आठवण नाही. मामांना हे मान्य करावे लागते. मात्र मैत्रीचा मुद्दा ते सोडत नाहीत. वात पेटवायला कोण पुढे जाणार, कोण कानांत बोटे घालून खांबाआड उभा राहणार आणि न फुटलेल्या फटाक्याकडे सगळ्यांत आधी कोण सरकणार, यावरून गटातली प्रत्येकाची जागा ठरत असे. पाडव्याच्या सकाळी कचऱ्यातून फुसके फटाके वेचून, मधे मोडून, आतल्या दारूला काडी लावायची. ती सुर्रकन पेटे आणि विझे. हा खेळ बिनपैशाचा, त्यामुळे ज्याच्या घरून वर्गणी आली नव्हती तोही त्यात बरोबरीने असे.

परंपरेचा मुद्दा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. फटाके आपल्या धर्मातले नव्हेत असे एक जण म्हणतो, तर दुसऱ्याच्या मते ते अनादी काळापासूनचे आहेत. दोन्ही विधाने इतिहासात टिकत नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी इ.स. १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय दारूकामाचा इतिहास इंग्रजीत लिहिला आहे. विजयनगरच्या महानवमी उत्सवातले दारूकाम पंधराव्या शतकात इराणी वकील अब्दुर रज्जाक याने पाहिले होते. ओडिशाचा राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावरच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूची मिश्रणेच दिली आहेत. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा प्रसंग पेशव्यांच्या बखरीत येतो. कोट्याचा राजा दिवाळीत दारूची लंका उभारतो, तीत दारूचे राक्षस आणि दारूचाच हनुमान असतो आणि तो हनुमान उड्डाण करून लंका जाळतो, हे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले. त्यावरून पुण्यात पर्वतीखाली तसाच खेळ झाला.

“म्हणजे दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा रिवाज आहे,” मामा.

“दरबाराचा. कारागीर ठरलेले, पाहणारे लांब बसलेले. चौदा वर्षांच्या पोराच्या खिशात लवंगी आली ती शिवकाशीमुळे.”

हेही खरे. तामिळनाडूतल्या विरुधुनगर जिल्ह्यातले शिवकाशी हे कमी पावसाचे, कोरड्या हवेचे गाव. तिथले अय्या नाडार आणि षण्मुग नाडार १९२०च्या दशकाच्या आरंभी काडेपेट्यांचा धंदा शिकायला कलकत्त्याला गेले. परतल्यावर त्यांनी काडेपेट्यांचे कारखाने काढले आणि १९४०च्या दशकात त्याच वस्तीत फटाक्यांचे कारखाने उभे राहिले. देशातले बहुतेक फटाके आजही तिथूनच येतात. फटाक्यांच्या खोक्यांवरची भडक चित्रे, कोंबड्याचा छाप, लक्ष्मीच्या चित्राचा तोटा, हे सगळे त्याच गावच्या छापखान्यांतले. महाराष्ट्रातही धाराशिव जिल्ह्यातले तेरखेडा फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, पण शाळकरी पोराच्या आवाक्यात फटाका आणला तो शिवकाशीने.

स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हा भाचीचा पुढचा प्रश्न. शिवकाशीच्या काडेपेटी आणि फटाका उद्योगात लहान मुले राबत होती. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर १९९६ रोजी एम. सी. मेहता खटल्याच्या निकालात, बालकामगार ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे २० हजार रुपये भरावेत असा आदेश दिला, तो याच गावावरून. कारखान्यांतले स्फोट तिथे नवे नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये शिवकाशीजवळच्या मुदलिपट्टीत एकाच आगीत तीसहून अधिक माणसे गेली. “तुम्ही बारा वर्षांचे असताना माळ सोडवत होता, तेव्हा तुमच्याच वयाचं कोणीतरी ती माळ विणत होतं,” असे भाची म्हणते. मामांकडे याला उत्तर नाही, आणि प्रामाणिकपणे पाहिले तर कोणाकडेच नाही.

रसायनशास्त्राकडे वळल्यावर मात्र मामांचा चेहरा खुलतो, कारण ते शाळेत विज्ञान शिकले ते थोडेबहुत याच वाटेने. साध्या काळ्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात असतात. सोरा ऑक्सिजन पुरवतो, इतर दोघे जळतात. बंदिस्त जागेत हे ज्वलन झाले की वायूंना वाट मिळत नाही आणि वेष्टण फाटते, तोच आवाज. सुतळी बॉम्बवर सुतळीचे थर घट्ट गुंडाळलेले असतात ते यासाठीच. मधे मोडलेला फुसका फटाका फुटत नाही, नुसता सुरसुरतो, याचे कारणही हेच. रंग धातूंच्या क्षारांचे असतात: स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा, सोडियमचा पिवळा. फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे जळते लोखंडाचे कण आणि पांढरा झगमगाट ॲल्युमिनियमचा.

“आणि तुमची सगळ्यांत निरुपद्रवी वस्तू कुठली?” भाची विचारते.

“नागगोळी. आवाज नाही, ठिणगी नाही. दोन वर्षांच्या पोरालाही दाखवत असू.”

इथे आठवण आणि मोजणी यांची पुरती फारकत होते. चेस्ट रिसर्च फाउंडेशन या पुण्यातल्या संस्थेने विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सहा प्रकारचे फटाके जाळले आणि पेटवणारा जिथे उभा राहतो तिथल्या हवेतले सूक्ष्म कण मोजले. मोजले ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान कण, जे श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. सगळ्यांत जास्त कण नागगोळीचे निघाले: घनमीटरमागे ६४ हजार मायक्रोग्रॅमच्या वर. त्याखालोखाल हजाराची माळ, मग पुलपुल म्हणजे तारेसारखी जळणारी लांब वात, मग फुलबाजी, भुईचक्र आणि सर्वांत कमी भुईनळा. भारतात चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरवलेली मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. क्षणभराच्या मोजणीची दिवसाच्या सरासरीशी थेट तुलना करता येत नाही, हे भाची स्वतःच सांगते. पण क्रम पाहण्यासारखा आहे. ज्या वस्तू मुलांच्या हाती बिनघोर दिल्या जात, त्यांतली एक या यादीत पहिली आली. आणि नागगोळी पाहायची तर उकिडवे बसून, नाक तिच्यावर धरूनच पाहावी लागते. शहाबादी फरशीवर ती जिथे पेटवली जाई तिथे तपकिरी-काळा वर्तुळाकार डाग पडे. तो राख पुसल्यावरही राही आणि पुढची दिवाळी येईतो जात नसे. घरातली मोठी माणसे रागवत ती या डागावरून. धुरावरून कोणी रागावल्याचे मामांना आठवत नाही.

“दम्याच्या मुलाला घेऊन दिवाळीत आई-वडील येतात,” भाची सांगते, “तेव्हा ते हमखास म्हणतात, आम्ही मोठे फटाके आणलेच नाहीत, फक्त फुलबाज्या आणि नागगोळ्या. त्यांचा दोष नाही. धोका आवाजात असतो हेच सगळ्यांनी धरलेलं आहे.”

आवाजाचा धोका खोटा नाही. पर्यावरण नियमांनुसार, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका भारतात बनवता किंवा विकता येत नाही. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही दोन मीटरवर उभ्या मुलाच्या कानाशी १३१ पर्यंत जाऊ शकतो. मुलांच्या कानांवर १२० डेसिबलहून मोठा क्षणिक आवाज पडू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुंबईत आवाज फाउंडेशन ही संस्था प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर दिवाळीआधी बाजारातले फटाके उडवून त्यांचा आवाज मोजत आली आहे. मामांच्या गटात स्पर्धा होती ती बॉम्ब फुटेपर्यंत जवळ कोण थांबतो याची. त्यात नेहमी जिंकणाऱ्या मित्राला आज फोनवर दोनदा सांगावे लागते, हे मामा हसत सांगतात आणि मग थांबतात. फटाक्यानेच ते झाले असे म्हणता येत नाही. त्या मित्राने पुढे तीस वर्षे कापडगिरणीत काढली.

कायद्याचा प्रवास गेल्या वीस वर्षांतला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाच्या फटाक्यांना बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या पालकांनी याचिका केली. अर्जुन गोपाल या त्यांतल्या एकाच्या नावाने तो खटला ओळखला जातो. २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालाने फटाके पूर्ण बंद केले नाहीत. दिवाळीला संध्याकाळी ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, बेरियमच्या क्षारांना मनाई केली आणि जोडलेल्या फटाक्यांवर, म्हणजे माळांवर, बंदी आणली. मुंबईच्या बिघडलेल्या हवेवरून नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रात्री ८ ते १० हीच वेळ कायम केली.

“माळ गेली याचं मला वाईट वाटत नाही,” मामा म्हणतात. “आम्ही ती कधी लावलीच नाही. न्यायालयानं आमचंच म्हणणं मान्य केलं म्हण ना.”

हा निव्वळ विनोद नाही. अख्खी माळ लावणे ही घाऊक चैन. ती खिशात पैसा खुळखुळू लागलेल्या मोठ्यांनी रूढ केली. पाच हजारांची, दहा हजारांची माळ रस्त्यावर पसरून पेटवली की दहा-पंधरा मिनिटे कोणालाच काही करायचे नसते. मुलाचे त्यात काय काम? एकेक लवंगी फोडणाऱ्याला फटाका कळत असे आणि संपेल याची भीतीही असे. मामांची बाजू खरोखर भक्कम आहे ती इथे.

माळेच्या आणि बेरियमच्या जागी काय, याचे उत्तर नागपुरात शोधले गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, हरित फटाक्यांची मिश्रणे तयार केली आणि २०१९च्या दिवाळीआधी ती बाजारात आली. त्यांतल्या ‘स्वास’ या प्रकारात ज्वलनाबरोबर पाण्याची वाफ सुटते आणि धूळ काही अंशी दबते, ‘सफल’मध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी, ‘स्टार’मध्ये सोरा आणि गंधक नाहीत. सूक्ष्म कण निदान ३० टक्क्यांनी घटावेत हा निकष. फटाक्यांना मंजुरी आणि परवाने देणाऱ्या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. “३० टक्के कमी म्हणजे ७० टक्के शिल्लक,” हे भाचीचे गणित. मामांना हरित फटाका पचत नाही तो वेगळ्या कारणाने: खोक्यावर क्यूआर कोड असलेला लवंगीचा पुडा त्यांना औषधासारखा वाटतो.

बंदीपेक्षा मनाने सोडण्याचा मार्गही महाराष्ट्रात जुना आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम शाळांतून चालवली. मुले संकल्पपत्रे भरत आणि वाचलेल्या पैशांतून पुस्तके किंवा खाऊ घेत. भाचीने सातवीत असे पत्र भरले होते. त्या दिवाळीत मामा तिच्यासाठी भुईनळे घेऊन आले आणि तिने ते लावले नाहीत. यावरून त्या दोघांत तेव्हा अबोला झाला होता. आज दोघेही त्याची गोष्ट करून सांगतात आणि दोघांच्या गोष्टी जुळत नाहीत.

भाजण्याबाबत मात्र मतभेद उरत नाहीत. फुसक्या फटाक्याला पुन्हा वात लावायला वाकणे आणि भुईनळ्यावर तोंड धरणे, ही डोळ्याच्या इजांची नेहमीची कारणे. इजा पुष्कळदा नुसत्या पाहणाऱ्यालाच होते. मामांच्या लहानपणी भाजले की शाई लावत, नंतर टूथपेस्ट आली, दोन्ही चूक. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरायचा, बर्फ लावायचा नाही. डोळ्यात काही गेले तर चोळायचे नाही, दाबायचे नाही. वरून पेला किंवा वाटी धरून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. न फुटलेल्या फटाक्याजवळ अर्धा तास फिरकायचे नाही आणि मग लांबून बादलीभर पाणी ओतायचे.

यंदाची खरेदी दोघांनी मिळून ठरवली. नागगोळी मामांनी स्वतःहून यादीतून काढली. माळ कायद्यानेच गेलेली. भुईनळे चार, हरित, संध्याकाळी आठनंतर, पटांगणात. खरे भांडण उरले ते पहाटेचे. मराठी दिवाळीचा मानाचा बार लक्ष्मीपूजनाचा नसून नरक चतुर्दशीच्या पहाटेचा. उटणे, अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे, न्हाणाऱ्याभोवती फुलबाजी ओवाळणे आणि गल्लीत सगळ्यांआधी वाजवलेला एक तोटा. पहाटे चारला उठून पहिला बार आपल्या दारात वाजवला, यापेक्षा मोठा मान त्या वयात नव्हता. तामिळनाडूत दिवाळी पहाटेचीच. त्या राज्याने २०१८ मध्ये न्यायालयाकडून वेळ ठरवण्याची मुभा मिळवली आणि सकाळी ६ ते ७, संध्याकाळी ७ ते ८ असे दोन तास वाटून घेतले. महाराष्ट्रानेही तेच करावे, असे मामांचे मत आहे. थंडीच्या पहाटे धूर जमिनीलगतच अडकतो आणि दम्याचे रुग्ण त्याच वेळी धापा टाकत उठतात, म्हणून भाचीचा विरोध कायम आहे. आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे वेळ बदलली तरी सहाच्या आधीचा बार बेकायदाच राहील. अभ्यंगस्नान तोवर आटोपलेले असते.